रोडग्याच्या विस्तवावरचा पाव

नागपूरहून उत्तरेला निघालं की सावनेरला रस्ता फुटतो. एक पांढुर्णा-बैतूलकडे जातो, दुसरा सौंसर-छिंदवाड्याकडे. दोन्हीकडे थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश लागतो. दुकानांवरच्या पाट्या हिंदी होतात. पाटीखाली बसलेला दुकानदार मात्र आपल्या पोराला मराठीतच हाका मारत असतो. माझं आजोळ सौंसरजवळच्या एका खेड्यात आणि मावशी पांढुर्ण्याला. त्यामुळे लहानपणी मे महिन्यात या दोन रस्त्यांपैकी कुठला आधी घ्यायचा, एवढाच आमच्या घरी वाद असायचा.

बंगळुरूत कुणाला सांगितलं की माझं आजोळ मध्य प्रदेशात आहे, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुझी आई हिंदी का?" नाही हो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा तेव्हा छिंदवाड्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. कागदावर एवढं सगळं झालं. शेतात कापूस आणि संत्री, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, आणि घरात "काऊन बे, आत्ता आला का?" हे सगळं होतं तिथेच आहे.

गेल्या मार्चमध्ये मामाचा फोन आला. गुडघ्यांमुळे आजीला आता खेड्यात ठेवणं जमत नाही, दिवाळीनंतर सगळे नागपूरला जाणार, शेती ठेक्याने देणार, घराला कुलूप. "एकदा येऊन जाय. काही न्यायचं असन तर पाहून ठेव," तो म्हणाला. मी एप्रिलमध्ये नऊ दिवसांची सुट्टी काढली.

आता माझ्या बरणीबद्दल सांगायला हवं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांनी घरी पाव भाजून पाहिला, त्यातला मीही एक. बहुतेकांनी सोडून दिलं, मी नाही सोडलं. बाजारातल्या यीस्टच्या पुडीशिवाय, फक्त पीठ, पाणी आणि मीठ यांचा पाव. त्याला सावरडो म्हणतात. पीठ आणि पाणी कालवून ठेवलं की पिठातच असलेले रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू जागे होतात. यीस्ट हवा भरतं, जिवाणू आंबटपणा देतात. हे मिश्रण रोज थोडं काढून टाकायचं आणि उरलेल्याला नवं पीठपाणी द्यायचं. इंग्रजीत त्याला स्टार्टर म्हणतात, पण आपल्याकडे शब्द आधीपासून आहे: विरजण. पाच वर्षं सांभाळलेलं ते विरजण मागे ठेवून जाववेना, म्हणून काचेच्या बरणीत भरून, टॉवेलात गुंडाळून सोबत घेतलं.

विमानात ते टिकलं. गाडीत नाही टिकलं. सावनेरला जेवायला थांबलो तेव्हा बरणी मागच्या सीटवर राहिली. बाहेर ४१ अंश, काचा बंद, गाडी उन्हात. परत येऊन दार उघडलं तर आतली हवा तोंडावर भट्टीसारखी आली. बंद गाडीत अशा उन्हात तापमान ६० च्या वर सहज जातं आणि यीस्टला तेवढं सोसत नाही. मिश्रण फुगून बरणीबाहेर आलं होतं, वर कडक पापुद्रा, खाली पाणी. आजोळी पोचल्यावर दोन वेळा पीठ घालून पाहिलं. एक बुडबुडा नाही.

"काय झालं रे? तोंड काऊन पाडलं?" आजीने विचारलं.

"आजी, माझं विरजण मेलं."

"दह्याचं?"

"नाही, पिठाचं."

तिने बरणी हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. "मंग दुसरं लाव ना. पिठाले काय कमी हाये इथं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. कोठीत त्यांच्याच शेतातला, मार्चमध्ये निघालेला गहू होता. या शेतातला घरचा शेवटचा. मामाने पाच किलो चक्कीवरून दळून आणला. दगडी चक्कीचं पीठ कोंड्यासकट असतं, आणि हे सूक्ष्म जीव धान्याच्या बाहेरच्या सालीवर जास्त असतात. विरजण नव्याने लावायला याहून चांगलं पीठ मिळालं नसतं.

नवं विरजण लावताना एक फसगत हमखास होते. दुसऱ्याच दिवशी मिश्रण जोरात फुगतं आणि आपण खूश होतो. पण ती करामत यीस्टची नसते, भलत्याच जिवाणूंची असते. मग दोन-तीन दिवस सगळं सामसूम, वासही नको वाटणारा. हळूहळू आंबटपणा वाढतो, हे जिवाणू मागे पडतात आणि मग खरं यीस्ट वर येतं. सुरुवातीलाच मिश्रण आंबट केलं तर ही मधली भानगड बरीच टळते. परदेशात त्यासाठी अननसाचा रस वापरतात. इथे अननस कुठून आणणार? पण अंगणात टोपलीभर संत्री पडली होती. मृग बहाराची शेवटची, सालीला सुरकुत्या पडलेली, बाजारात न जाणारी. ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम संत्र्याचा रस, असं पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून साधं पाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण काढलं तेव्हा मामी शेजारी उभी होती. तिने मान पुढे करून वास घेतला आणि हसायलाच लागली.

"हे त कुरडईच्या गव्हाचं पाणी आहे!"

आणि मागच्या पडवीत नेऊन तिने मला गंज दाखवला. कुरडयांसाठी भिजवलेला गहू, तोही तिसऱ्या दिवसाचा. तुमच्यापैकी ज्यांनी आईला किंवा आजीला कुरडया करताना पाहिलं असेल त्यांना आठवत असेल: गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा. पाण्यावर फेस होता, बुडबुडे येत होते आणि वास तंतोतंत माझ्या बरणीचा. मी इतकी वर्षं हा विषय पुस्तकांत आणि व्हिडिओंत शिकत होतो. इथे मामी दर उन्हाळ्यात दहा किलो गव्हावर तेच करत होती, फक्त तिला त्याचं कौतुक नव्हतं.

"तू पाणी फेकत नाहीस का?" तिने विचारलं.

"अर्धं पीठ काढून टाकतो रोज."

"फेकतं? अन्न फेकतं?" हा आवाज आजीचा होता, आतल्या खोलीतून. त्या दिवसापासून माझ्या विरजणाचं उरलेलं पीठ धिरड्यांत जाऊ लागलं. थोडं बेसन, हिरवी मिरची, कोथिंबीर. मी आता बंगळुरूतही तेच करतो. पाच वर्षांत किती पीठ टाकलं, त्याचा हिशेब मी आजीला सांगितलेला नाही.

चौथ्या दिवशी मावशीला भेटायला पांढुर्ण्याला गेलो. तिच्याकडे जेवण झाल्यावर बाजारात एका जुन्या बेकरीत शिरलो. टोस्ट, खारी, क्रीमरोल, लादीपाव. मालक गल्ल्यावर होते, वय साठीच्या पुढे. मी त्यांना यीस्टबद्दल विचारलं तेव्हा त्यांना आधी मी तपासणीला आलेला माणूस वाटलो. मग खुलले. आता पुडीतलं यीस्ट वापरतात, दोन तासांत काम होतं. वडिलांच्या वेळी आदल्या रात्रीच्या पिठाचा गोळा मागे ठेवायचे, त्याला खमीर म्हणायचे. "उन्हाळ्यात फार त्रास देई. रात्री दोनदा उठून पाहावं लागे. पुडी आली आणि झोप आली," ते म्हणाले. मी घरी हौस म्हणून करतो ते त्यांच्या वडिलांसाठी झोपमोड होती, हे विसरायला नको.

'पाव' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आला. गोव्यात पोदेर लोकांनी यीस्टच्या जागी माडाची सूर वापरली. सुरेत रानटी यीस्ट असतंच, ती ओतून पीठ फुगवायचं. म्हणजे किनाऱ्यावर माडाची सूर, पांढुर्ण्यात कालचा गोळा, मामीच्या पडवीत गव्हाचं पाणी. बाजारातलं यीस्ट ही गेल्या दीडदोनशे वर्षांतली सोय आहे. त्याआधी जगात जिथे जिथे फुगलेली भाकर खाल्ली जायची, तिथे कुणीतरी कालचं थोडं आजसाठी राखून ठेवत होतं, नाहीतर जिथे यीस्ट आधीच जागं आहे असं काहीतरी शोधून आणत होतं.

पाचव्या दिवशी विरजण चार तासांत दुप्पट झालं. बंगळुरूला याला आठ तास लागतात. सहाव्या दिवशी, गुरुवारी, मी पहिला पाव लावला आणि तो साफ बिघडला.

चूक माझीच. मी बंगळुरूचं वेळापत्रक वापरलं. २५ अंशांत पीठ पाच तास आंबवायचं असतं, तेवढंच इथे ठेवलं. पण इथे घरात ३८ अंश होते. वर, दगडी चक्कीत पिठातल्या स्टार्चचे कण जास्त फुटतात, त्यातून साखर लवकर सुटते, त्यामुळे आंबणंही वेगाने होतं. पाच तासांनी पाहतो तर गोळ्याचं सरबरीत पिठलं झालेलं. तरी हट्टाने चुलीवर कढईत ठेवलं. खालून कोळसा, आत कच्चं, वरून सपाट. कुत्र्यानेही हुंगून सोडलं.

मला वाईट वाटलं ते पावाचं नाही. घर बंद व्हायच्या आधी या घरच्या गव्हाचा एक पाव आजीला खाऊ घालावा, असं मनात घेऊन बसलो होतो. तीन दिवस उरले होते आणि शनिवारी हनुमान जयंती, म्हणजे त्या दिवशी चूल मला मिळणार नव्हती.

संध्याकाळी आजी म्हणाली, "दही आंबट होते त काय करतं आपण? रांजणापाशी ठेवतो. तू तुही बरणी चुलीपाशी ठेवून राह्यला अन् म्हणतं लवकर आंबते."

रांजणाखालची वाळू कायम ओली असते. बरणी त्या वाळूत अर्धी रोवली, वरून ओलं फडकं. थर्मामीटर मी सोबत आणलंच होतं, सवय आहे. बरणीत २७ अंश. बाहेर ३८. ना वीज, ना आवाज.

दुसरा धडा शुक्रवारी मामीने दिला. रात्री पाहुणे होते म्हणून तिने लांब पोळ्या करायला घेतल्या. नागपूरकडे ज्याला लंबी रोटी किंवा मटका रोटी म्हणतात ती. पालथ्या मडक्याखाली जाळ, आणि मडक्यावर हातभर लांब, रुमालासारखी पातळ पोळी. तिची कणीक आपल्या रोजच्या पोळीसारखी घट्ट नसते. इतकी सैल की ताटात ठेवली तर पसरते. मामी ती परातीत आपटत होती, उचलत होती, ताणत होती, पुन्हा आपटत होती. हात सतत पाण्यात. वीसेक मिनिटांनी त्या चिखलातून एक चकचकीत, लवचिक, तुटता न तुटणारा गोळा तयार झाला. मग तो गोळा तिने दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवला आणि मडक्यावर पसरला.

मी थक्क होऊन पाहत होतो, कारण ओल्या पिठाचा पाव करणारे मोठमोठे कारागीर परदेशात हेच करतात: आपटायचं, ताणायचं, दुमडायचं. पाण्याने आणि ताणण्याने गव्हातल्या ग्लुटेनचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात हवा अडकते. मी घरी घाबरत घाबरत, पीठ भुरभुरून, चमच्याने ढकलत हे करत होतो. "पिठाले पीठ लावू नको, पाणी लाव," मामी म्हणाली. "अन् भेऊ नको त्याले. त्याले समजते."

शनिवारी पहाटे सगळे जाम सावळीला गेलो. सौंसरजवळच हे मारुतीचं देऊळ आहे आणि इथला मारुती उभा नाही, आडवा आहे, पिंपळाखाली निजलेला. लहानपणी आम्हाला वाटायचं की लंकेहून दमून आला असेल. दर्शन करून शेतात आलो, कारण त्या दिवशी मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य होता.

ज्यांनी विदर्भातले रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, मीठ. छोट्या पुऱ्या लाटून तेल लावून एकावर एक रचायच्या, त्या एका मोठ्या पारीत बंद करून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. वर करपट कवच, आत पापुद्रे. फोडून त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. काही घरी पानांत गुंडाळून भाजतात, ते पानगे. यात आंबवणं नाही, यीस्ट नाही. पण रानात, भांड्याशिवाय, फक्त राख आणि निखारे यांच्या भरवशावर पन्नास माणसांची भाकर भाजणं हे काम सोपं नाही, आणि मला नेमकं तेच शिकायचं होतं.

मामा गोवऱ्या रचून पेटवून निवांत बसला. जाळ भडकला तरी हलला नाही. मी दोनदा विचारलं, आता टाकायचे का? "धुपट जाऊ दे. पांढरं पडू दे." तासाभराने जाळ संपला, धूर संपला, गोवऱ्यांवर पांढरी राख धरली आणि आत लाल विस्तव राहिला. मग त्याने काठीने तो पसरवला, रोडगे मांडले आणि वरून गरम फुफाटा ओढला. गुरुवारी मी कढई थेट जाळावर ठेवली होती. एवढाच फरक होता.

पहाटे निघण्याआधी मी पीठ लावून ठेवलं होतं. ४०० ग्रॅम चाळलेलं घरचं पीठ, १०० ग्रॅम मैदा, ३८० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम विरजण, १० ग्रॅम मीठ. ओल्या हातांनी मामीसारखं आपटून. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून शेतातल्या विहिरीजवळ सावलीत ठेवला होता. या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही, पिठाकडे पाहिलं. दीडपट झालं, डबा हलवला की थरथरलं, तेव्हा गोळा वळला.

रोडगे निघाले, पंगत बसली, उठली. विस्तव अजून होता. मामाने खाली राखेचा जाड थर केला, त्यावर जाड लोखंडी कढई तापत ठेवली, तिच्यात गोळा सोडला. मी दाढीच्या ब्लेडने वर एक चीर दिली. वरून दुसरी कढई पालथी, फटीला कणकेची वात, आणि तिच्या पाठीवर निखारे. पाऊण तास. मामा बाजेवर आडवा झाला, मी बसून राहिलो. मधेच वास आला आणि शेजारच्या शेतातले दोघं उठून पाहायला आले.

कढई उचलली. पाव फुगला होता. चित्रातल्यासारखा नाही, एका बाजूला कललेला, बुडाशी थोडा काळा. पण चीर उघडली होती आणि बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज येत होता.

आजी शेतात येऊ शकली नव्हती. घरी आणून, पुरता थंड होऊ देऊन तिच्यासमोर कापला. तिने कापलेला तुकडा उजेडात धरून छिद्रं पाहिली. "कवच तुम्ही खा. मले दात नाही. आतलं द्या." आतला मऊ भाग तिने वरणात बुडवून खाल्ला. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"आंबट हाये," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आपल्याच गव्हाचा ना?"

"हो, कोठीतल्याच."

"मंग अजून एक दे."

रात्री झोपताना तिने विचारलं, "ह्याले रोज खाऊ घालावं लागते म्हणतं. अन् एखाद दिवशी विसरला त?"

"एका दिवसाने काही होत नाही आजी. फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडाभर टिकतं. पण सोडूनच दिलं तर जातं."

"मंग घरासारखंच हाये," ती म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

निघायच्या दिवशी मामाने विचारलं, काय काय नेतोस? घंगाळ पितळेचं होतं, ते मावशीला हवं होतं. जातं उचलणं शक्य नव्हतं. पाटा-वरवंटा मामी नागपूरला नेणार. मी कोठीतला चार किलो गहू घेतला आणि बरणी. या वेळी बरणी मांडीवर, ओल्या रुमालात, एसीच्या झोतासमोर. विमानतळापर्यंत एकदाही खाली ठेवली नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण इंजिनिअरला खोटा अभिमान बाळगता येत नाही. 'हे सौंसरचं विरजण आहे' असं मी मित्रांना ऐटीत सांगत होतो. मग वाचत बसलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातल्या जिवाणूला १९७१ मध्ये त्या शहराचं नाव दिलं, आणि पुढे तोच जिवाणू युरोपातल्या विरजणांतही सापडला. २०२१ मध्ये चार खंडांतल्या ५०० विरजणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की विरजण कुठल्या गावचं आहे यावरून आत कोण राहतं हे फारसं ठरत नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका अभ्यासात पाव करणाऱ्यांचे हात तपासले होते. त्यांच्या हातांवर आणि विरजणात बरेच जिवाणू सारखे निघाले. म्हणजे जे पीठ घालू, ज्या हातांनी कालवू, त्याप्रमाणे आतली वस्ती बदलत जाते. चार किलो गहू जूनमध्ये संपला. आता मी त्याला बंगळुरूचं पीठ घालतो. त्या बरणीत सौंसरचं काय उरलंय, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

हे वाचून पहिल्यांदा मी खट्टू झालो. मग वाटलं, १९५६ पासून आजोळच्या मराठीचंही असंच आहे. राज्य बदललं, शाळा हिंदी झाल्या, भाषेत हिंदी शब्द आले. तिथली मराठी पुण्याची नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीची सौंसरचीही नसणार. ती टिकली कारण घरात रोज कुणीतरी ती बोलत राहिलं. बरणीत घालून आणता येईल असं तिथे काहीच नव्हतं. मामीचा पाण्यातला हात, मामाचं थांबणं आणि आजीचा रांजण, हे मात्र मी शिकून आलो.

दिवाळीनंतर घराला कुलूप लागलं. आजी नागपूरला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे, गुडघे बरे आहेत. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आधी माझ्या मुलीशी बोलते. मुलीचं मराठी अडखळतं, आजीचं सौंसरचं, त्यामुळे दोघी एकमेकींना बऱ्याचदा "काय?" असंच विचारत राहतात. मग फोन माझ्याकडे येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलं का तुहं पीठ?"

गेल्या महिन्यात मुलीनेच उत्तर दिलं, "हो पणजी, आज मी जेवू घातलं." 'जेवू घातलं' हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून आलं असावं.

या एप्रिलमध्ये आम्ही बंगळुरूच्या गच्चीवर दोन किलो गव्हाच्या कुरडया करणार आहोत, मामी फोनवरून सांगणार आहे. आणि मंडळातल्या कुणाला विरजण हवं असेल तर पुढच्या कार्यक्रमाला एक छोटा स्वच्छ डबा घेऊन या. दोन चमचे पुरतात. गाडीत मात्र उन्हात ठेवू नका.